तळवा बघून फूट निवडणे: घरगुती शिलाई मशीनचं एक प्रकरण

मशीन साधं घरगुती झिगझॅग, सुस्थितीतलं. टीप सरळ पडत होती, वरच्या आणि बॉबिनच्या दोऱ्याचा ताण जुळलेला होता. तरीही ते चालवणाऱ्या ताईंची चार कामं एकाच वेळी अडली होती. अस्तराच्या ड्रेसला लावलेली कन्सील चेन बंद केल्यावरही तिची पट्टी बाहेर डोकावत होती. तुकडे जोडून केलेल्या क्विल्टचे तीन थर एकत्र शिवताना वरचा थर सरकत जाऊन शेवटी बोटभर जास्त उरत होता. शिफॉनच्या घेरदार फ्रॉकच्या काठाला लहरी पडत होत्या. आणि रेक्झिनची पिशवी फुटाखाली, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या सुट्या पायाखाली, चिकटून जागच्या जागी थांबत होती, टाके एकावर एक पडत होते.

ताईंनी याचा अर्थ असा लावला की आपल्याकडे फूट कमी आहेत. बत्तीस फुटांचा एक तयार संच त्यांनी निवडूनही ठेवला होता. तो अख्खा घ्यावा, की त्यातले लागतील तेवढे सुटे घ्यावेत, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी त्यांना आधी मशीनसोबत आलेला फुटांचा डबा उघडायला सांगितला. त्यातले निम्मे फूट कधी बाहेरच निघाले नव्हते. बहुतेक घरी हेच चित्र दिसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. शिवणारी व्यक्ती वर्षानुवर्षं एकाच फुटावर कष्ट करत राहते, आणि उत्तर कधी कधी त्याच कपाटात पडून असतं.

मशीनची चार मापं

फूट कोणताही घ्यायचा असो, मशीनच्या चार गोष्टी आधी माहीत हव्यात.

पहिली शँकची, म्हणजे फूट ज्या भागाने दांड्याला जोडला जातो त्याची, उंची. फूट खाली सोडायचा आणि शँक ज्या स्क्रूने दांड्याला आवळलेली असते, त्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या प्लेटपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. अर्धा ते पाऊण इंच आलं तर लो शँक. एक इंच किंवा त्याहून थोडं जास्त आलं तर हाय शँक. सिंगरच्या ३०१ किंवा ४०१ सारख्या जुन्या मशीनमध्ये सुई आणि दांडा दोन्ही कलते असतात. त्यांची स्लँट शँक वेगळीच, तिथे लो किंवा हाय शँकचा फूट चालत नाही. ताईंचं मशीन लो शँक निघालं. या मापाचे फूट सर्वांत जास्त मिळतात. सिंगरच्या १५, ६६, ९९ या जुन्या काळ्या मशीनही लो शँकच्या, त्यामुळे त्यांचे फूट अशा मशीनला बसतात. मात्र त्यातल्या बहुतेकांचं सुईचं छिद्र फक्त सरळ टिपेपुरतं असतं. त्यावर चुकून झिगझॅग लावला की सुई मोडलीच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट टाक्याची कमाल रुंदी. घरगुती मशीन ५, ७ किंवा ९ मिलिमीटर रुंदीच्या असतात. ५ मिमीच्या मशीनसाठी केलेला फूट ७ मिमीच्या मशीनवर बसेलही, पण रुंद टाका निवडला की सुई फुटाच्या धातूवर आदळेल. ताईंचं मशीन ७ मिमीचं.

तिसरी गोष्ट, साधी सरळ टीप लावल्यावर सुई कुठे उभी राहते. काही मशीनवर ती मध्यभागी असते, काहींवर डावीकडे. ताईंच्या मशीनवर टीप क्रमांक एक डावीकडची होती आणि मधली टीप वेगळ्या क्रमांकावर. बारीक छिद्राच्या फुटासाठी हा फरक फार महत्त्वाचा.

चौथी गोष्ट सुई आवळायचा स्क्रू. तो उजवीकडे पुरेसा बाहेर आलेला आहे का, हे बघून ठेवायचं. वरचा थरही सरकवणारा वॉकिंग फूट आणि झालरीच्या घड्या घालणारा रफलर हे दोन्ही त्याच स्क्रूच्या आधाराने चालतात.

आणखी एक. मशीन स्नॅप-ऑन असलं, म्हणजे फूट स्क्रूशिवाय नुसता खटकन अडकत असला, की कोणताही स्नॅप-ऑन फूट चालतो, असं सरसकट धरलं जातं. पण फुटावरची आडवी पिन, जिच्यावर तो अडकतो, तिची लांबी आणि जागा सगळ्यांची सारखी नसते. फूट अडकतो, पण बाजूला थोडा हलतो किंवा सुई छिद्राच्या कडेला येते. म्हणून नवा फूट लावला की पॅडलवर पाय ठेवायचाच नाही. हातचाक आपल्याकडे फिरवत सुई खाली न्यायची, मग सर्वांत रुंद झिगझॅग लावून डावं टोक आणि उजवं टोक बघायचं, आणि फूट बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघायचा. छिद्राच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा दिसली तरच मोटर चालू करायची. खास सरळ टिपेचा किंवा चेनचा फूट असेल तर झिगझॅगची पायरी अर्थातच गाळायची.

तळवा काय सांगतो

माझं एक ठाम मत आहे. फूट नावावरून निवडू नये, पाकिटावरच्या चित्रावरूनही नाही. तो उलटा करून तळवा बघावा.

फुटाची कामं तीनच. खालून कापड सरकवणाऱ्या दात्यांवर ते दाबून धरणं, कापडाला वाट दाखवणं, आणि शिवणीत जे जाड आहे त्याला जागा देणं. खास फूट म्हणजे या तीनपैकी एखाद्या कामात केलेला बदल. साध्या झिगझॅग फुटाचा तळवा जवळजवळ सपाट असतो. सॅटिन फुटाच्या तळव्याला रुंद खोलगट वाट असते, कारण दाट झिगझॅगचा उंचवटा सपाट फुटाखाली अडकून एका जागी गोळा होतो. पायपिंग फुटाला दोरी मावेल एवढी एक गोल खाच असते. पिनटक फुटाला शेजारी शेजारी बारीक खाचा असतात, म्हणजे जोडसुईने घातलेली आधीची घडी शेजारच्या खाचेतून जाते आणि पुढची तिला समांतर पडते. ब्लाइंड हेम फुटाला खाली उतरलेली एक पट्टी असते, कापडाची घडी तिला टेकून चालते. तळव्यावर जे कोरलंय, त्यावरून तो फूट कशासाठी आहे ते कळतं, पाकीट हरवलेलं असलं तरी.

म्हणून बिघडलेल्या शिवणीकडे बघून आधी ठरवायचं: इथे दाब चुकतोय, वाट चुकतेय, की जागा कमी पडतेय? ताईंच्या चारही कामांना आम्ही हाच प्रश्न लावला.

कन्सील चेन

हे काम जागा कमी पडण्याचं. कन्सील चेनची कॉईल, म्हणजे तिचे वेटोळ्यासारखे दात, पट्टीच्या कडेवर वळून बसलेली असते. टीप त्या कॉईलच्या अगदी मुळाशी, वळणाच्या आत पडली, तरच चेन बंद केल्यावर बाहेरून नुसती शिवण दिसते. साधा चेनचा फूट अरुंद असतो. तो कॉईलच्या बाजूने चालतो आणि तिला आपल्या अंगाने दाबतो. कॉईल टिपेच्या रेषेवर आडवी होते, सुई तिच्यापासून दूर पडते. ताईंच्या ड्रेसवर हे अंतर दोन मिलिमीटरच्या आसपास होतं, आणि तेवढीच पट्टी बाहेर दिसत होती. त्या अधिक सावकाश, अधिक काळजीने शिवून बघत होत्या, पण जागाच नव्हती तिथे काळजीचा काय उपयोग.

कन्सील चेनच्या फुटाच्या तळव्याला दोन समांतर खाचा असतात, मध्ये सुईचं छिद्र. कॉईल खाचेत उभी राहते आणि सुई तिच्या मुळाशी उतरते. डाव्या पट्टीला एक खाच, उजव्या पट्टीला दुसरी.

आम्ही आधी एक प्लास्टिकचा सर्वसाधारण फूट लावून बघितला. खाच ताईंच्या बारीक चेनला रुंद पडली, कॉईल आत डुलत होती आणि टीप नागमोडी आली. जाड चेनला तोच फूट कदाचित चालला असता. त्यामुळे हा फूट घेताना नेहमी वापरतो ती चेन हातात असावी. कॉईल खाचेत सरकवून बघायची. ती सहज सरकली पाहिजे, पण बाजूला हलता कामा नये. धातूचा, बारीक खाचेचा फूट बसला आणि तोच घेतला.

फूट आल्यावरही दोन गोष्टी हातानेच कराव्या लागतात. चेन उघडून कॉईल उलट बाजूने मंद इस्त्रीने सपाट करायची, म्हणजे ती खाचेत उभी राहायला तयार होते. कॉईल नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते, कडक इस्त्री लावली तर वितळते. आणि पहिली सुई हातचाकाने उतरवून बघायची. ती कॉईलला घासून गेली पाहिजे, कॉईलमध्ये घुसता कामा नये. एक टाका जरी कॉईलमध्ये पडला तरी रनर तिथे अडकतो.

क्रमही उलटा ठेवावा लागतो. आधी चेन, मग तिच्या खालची शिवण. खास फूट रनरला टेकला की तिथेच थांबतो, त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. राहिलेली शिवण साध्या चेन फुटाने, चेनचं खालचं टोक बाजूला ओढून पूर्ण करायची. म्हणजे साधा चेन फूट बाद होत नाही, दोन्ही लागतात. पातळ कापडाला मायेवर, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कडेवर, फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणारी) अरुंद पट्टी लावली की चेनच्या बाजूने चुण्या येत नाहीत; ताईंच्या ड्रेसला ती लावलेली नव्हती, पुढच्या ड्रेसला लावली.

तीन थरांचं क्विल्ट

इथे दाबाचा प्रश्न होता, आणि त्याचं मूळ मशीनच्या रचनेत आहे. अ‍ॅलन विल्सनने १८५४ मध्ये चार हालचालींच्या फीडचं पेटंट घेतलं: दाते वर येतात, कापड मागे नेतात, खाली जातात, पुन्हा पुढे येतात. आजच्या घरगुती मशीनखाली तीच हालचाल चालू आहे. पण दाते फक्त सर्वांत खालच्या थराला पकडतात. वरचा थर फुटाच्या गुळगुळीत तळव्याखाली असतो. त्याला कोणी नेत नाही, तो खालच्या थराच्या ओढीने जातो आणि फूट त्याला मागे अडवतो. दोन पातळ सुती थरांत हा फरक जाणवत नाही. मध्ये बॅटिंग, म्हणजे क्विल्टचा मऊ भरावाचा थर, आली की थर एकमेकांवर सरकतात, आणि प्रत्येक टाक्याला पडणारा केसभर फरक साठत जाऊन शेवटी बोटभर होतो.

आधी फुटाचा दाब कमी करून बघितला. ताईंच्या मशीनला त्यासाठी वेगळी चकती आहे आणि ती कधी फिरवलीच गेली नव्हती. फरक कमी झाला, गेला नाही. नंतर थर तात्पुरते धरून ठेवणाऱ्या, बॅस्टिंगच्या सेफ्टी पिना दुप्पट जवळ लावून बघितल्या. तेव्हा वरचा थर एका टोकाला जास्त उरण्याऐवजी प्रत्येक पिनेपाशी छोटी चुणी दिसू लागली. सरकणं थांबलं नव्हतं, फक्त वाटलं गेलं होतं. एवढं बघितल्यावर वॉकिंग फूट घ्यायचाच, यात मला शंका उरली नाही.

वॉकिंग फूट दिसायला बोजड, आणि त्याची रचना समजली तर तो चालवताना चुका होत नाहीत. त्याच्या तळव्याला स्वतःचे दाते असतात. त्याचा एक फाटा सुईच्या स्क्रूवर बसतो. सुई वर गेली की वरचे दाते कापडावर टेकतात आणि खालच्या दात्यांबरोबर मागे सरकतात. सुई खाली आली की ते उचलले जाऊन पुढे येतात. त्याला स्वतःची ओढ नाही, खालच्या दात्यांबरोबरच तो चालतो. म्हणून त्याच्यासोबत दाते खाली करायचे नाहीत. गोलाकार मनमोकळं क्विल्टिंग करायला उड्या मारणारा फ्री मोशन फूट लागतो आणि तेव्हा दाते खाली. वॉकिंग फूट सरळ रेषा आणि सौम्य वळणांसाठी. बहुतेक वॉकिंग फुटांवर उलटी टीप घ्यायची नसते. सुरुवातीला आणि शेवटी टाका अगदी बारीक करून चार-पाच टाके घालायचे, टीप घट्ट बसते. वेग मध्यम, टाका ३ मिमी.

बसवताना आधी स्नॅप-ऑनचा अडॅप्टर पूर्ण काढावा लागतो आणि फूट थेट दांड्याला आवळावा लागतो. फाटा स्क्रूच्या वर बसला पाहिजे. तो खाली राहिला तर मशीन चालतं, आवाजही येतो, पण वरचे दाते आपलं काम करतच नाहीत, आणि मग लोक म्हणतात वॉकिंग फुटाचा उपयोग नाही. स्क्रू हाताने आवळून भागत नाही. हादऱ्यांनी तो सैल होतो, फूट कलतो आणि सुई त्यावर आपटते. स्क्रूड्रायव्हरनेच आवळायचा, आणि लांब रेषा शिवताना मध्ये एकदा तपासायचा.

वॉकिंग फूट लावून त्याच कापडाच्या आणि बॅटिंगच्या हातभर पट्ट्या शिवल्या तेव्हा टोकं जुळली. ताईंना त्याचा आणखी एक उपयोग सापडला, तो मला विशेष आवडला: चौकड्याच्या कापडात दोन भागांच्या रेषा जुळवणं. पिना लावून जुळवलेल्या रेषा शेवटपर्यंत जुळलेल्याच राहतात.

शिफॉनचा घेर

ताईंच्या यादीत रोल हेम फूट सर्वांत वर होता, आणि मी त्याला नको म्हटलं. खरं तर ३ मिमीचा रोल हेम फूट त्यांच्या डब्यात आधीच होता. त्याच्या पुढच्या भागात शंखाकार वळण असतं. कापडाची कड त्यातून जाताना दोनदा दुमडली जाते. २, ३, ४, ६ मिमी असे आकार मिळतात. बारीक आकार अगदी पातळ कापडासाठी. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलेल्या पातळ पट्टीला तो सुंदर काठ देतो. सुरुवातीला कोपरा तिरपा कापायचा, कडेला दोन-चार टाके घालून दोरे लांब सोडायचे आणि त्या दोऱ्यांनी कड वळणात ओढून घ्यायची. नंतर कड सतत सारख्या रुंदीने, थोडी उभी धरून आत द्यायची.

पण घेर गोलाकार कापलेला होता. गोलात कापडाचा धागा सतत बदलतो: इथे उभा, पुढे उरेब म्हणजे तिरपा, मग आडवा. उरेबीत कड ताणली जाते, वळणातून निसटते, आणि निसटली नाही तर लांबून लहरी पाडते. त्यात शिवणीचे सांधे आले की जाडी वळणात मावत नाही. वाट दाखवणारा फूट होता, पण ही वाट त्या कापडाला झेपणारी नव्हती. आम्ही उरेब तुकड्यावर तो लावून बघितला तेव्हा ताईंनीच तो काढून ठेवला.

काठ साध्या फुटाने तीन फेऱ्यांत केला. त्याआधी फ्रॉक रात्रभर टांगून ठेवला, म्हणजे उरेब भाग जेवढा उतरायचा तेवढा उतरला, आणि मग काठ सारखा कापला. पहिली टीप कडेपासून ६ मिमीवर. तिच्यावर कापड उलट बाजूला दुमडून घडीच्या अगदी जवळ दुसरी टीप. उरलेली कड लहान कातरीने टिपेला लागून कापली, पुन्हा एकदा दुमडली आणि दुसऱ्या टिपेवरच तिसरी टीप. ७० नंबरची अणकुचीदार मायक्रोटेक्स सुई आणि बारीक दोरा लावला. वेळ लागतो, हे खरं. पण लहरी गेल्या, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही.

रेक्झिन, आणि एक काळं बटण

रेक्झिन चिकटण्याचा प्रश्न घर्षणाचा आहे हे सिद्ध करायला फुटाच्या तळव्याला कागदी चिकटपट्टी लावली, छिद्राची जागा कापून मोकळी ठेवली. पिशवी सरळ पुढे गेली. कधीतरी एखादी पिशवी शिवायची तर ही पट्टी पुरे. ताईंना पिशव्या नेहमी शिवायच्या आहेत, म्हणून न चिकटणाऱ्या तळव्याचा, टेफ्लॉनचा फूट घेतला. रोलर फूटही चालला असता. सपाट रेक्झिनवर दोन्ही ठीक.

बाकी गोष्टी फुटाबाहेरच्या. टाका ३ ते ३.५ मिमी, कारण जवळ जवळ पडलेली भोकं रेक्झिनला तिकिटासारखी फाडतात. पिनांऐवजी क्लिपा. विणलेल्या पाठीच्या रेक्झिनला चामड्याची धारदार सुई लागत नाही, ती धागे कापते. ९०/१४ किंवा १००/१६ ची जीन्सची सुई पुरते. रेक्झिनची गुळगुळीत बाजू खाली असेल तर दात्यांचे ओरखडे उठतात, तिथे पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर फाडायचा.

या पिशवीवर अडचण दुसरीकडेच निघाली. तळाचा सांधा सहा थरांचा. फूट त्यावर चढताना नाक वर करून कलायचा, आणि दाते कापड सरकवू शकायचे नाहीत. ताईंच्या रोजच्या झिगझॅग फुटावर बाजूला एक छोटं काळं बटण आहे. फूट सपाट धरून ते आत दाबलं की फूट त्याच पातळीत अडकून राहतो आणि सांध्यावर चढतो. पुढे सपाट भागावर गेला की बटण आपोआप सुटतं. जीन्सची जाड दुमड शिवताना ज्यांची सुई मोडते त्यांनी आपल्या फुटावर हे बटण आहे का ते आधी बघावं. बटण नसेल तर तेवढ्याच जाडीची कापडाची घडी फुटाच्या मागच्या भागाखाली ठेवली तरी काम होतं. टेफ्लॉन फुटाला हे बटण नव्हतं, म्हणून सांध्यावर घडीच वापरली.

डब्यातले बाकीचे, आणि संच

ताईंनी ओव्हरकास्ट फूट मागितला होता, तोही डब्यात निघाला. त्याच्या मध्ये एक बारीक धातूची काडी असते. टाका त्या काडीवरून पडतो, त्यामुळे कापडाची कड आत गोळा होत नाही. पण टाक्याची रुंदी किमान ५ मिमी हवी. कमी रुंदीचा टाका किंवा सरळ टीप लावली की सुई थेट काडीवर पडते.

पाव इंची फूट मी नको म्हटला. तुकडेजोडीत पाव इंच माया नेमकी लागते हे खरं, पण मधली सुई निवडून आणि प्लेटवर पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावून ती मिळते. चाचणी सोपी आहे: दीड इंची तीन पट्ट्या जोडून इस्त्री करायची, मधली पट्टी एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच आली पाहिजे. ताईंची थोडी कमी आली, पट्टी सुईच्या केसभर जवळ सरकवल्यावर बरोबर आली. ज्यांच्या मशीनवर सुई बाजूला सरकत नाही आणि चिकटपट्टी टिकत नाही त्यांनी हा फूट जरूर घ्यावा. ब्लाइंड हेम फुटाची पट्टी मात्र पिशवीच्या दाबटिपेला कामी आली. कड पट्टीला टेकवून सुई थोडी सरकवली की कडेला समांतर टीप येते.

आता तो बत्तीस फुटांचा संच. असे संच नवे नाहीत. सिंगरची जोडणींची घडीची लाकडी पेटी १८८९ च्या पेटंटची, आणि तिच्यात प्रत्येक जोडणीची ठरलेली जागा होती. पण ती ठरावीक मशीनसाठी बनवलेली होती. आजचे सर्वसाधारण संच सगळ्या मशीनना थोडे थोडे बसावेत असे असतात. यादी तळव्यांच्या चित्रांशी ताडून बघितली तेव्हा त्यातले बरेच फूट ताईंच्या डब्यात होतेच, काही एकाच कामाचे दोन आकार होते, आणि दोरीचे, मण्यांचे, लेसचे फूट त्यांच्या कुठल्याच कामात नव्हते. शिकवणाऱ्या व्यक्तीला, जिला रोज वेगळं काम दाखवायचं असतं, तिला मी असा संच घ्यायला सांगेन. ताईंना नाही. कन्सील चेनचा धातूचा फूट, लो शँकचा वॉकिंग फूट आणि टेफ्लॉनचा फूट, एवढी खरेदी झाली.

रफलर अजून त्यांच्या यादीत आहे आणि तो मी खोडलेला नाही. तो वॉकिंग फुटासारखाच सुईच्या स्क्रूवर फाटा अडकवून चालतो आणि दर १, ६ किंवा १२ टाक्यांना एक घडी घालतो, घडीची खोली स्क्रूने ठरते. गॅदरिंग फूट कापड, टाक्याची लांबी आणि दोऱ्याचा ताण यांवरून जमेल तेवढ्या चुण्या घालतो. रफलरवर गुणोत्तर ठरवता येतं. त्यांच्या पुढच्या फ्रॉकला बरीच मीटर झालर आहे. आधी दोन लांब टाक्यांच्या ओळी घालून ती दोऱ्याने ओढून बघणार आहेत. तेवढ्यात हात दुखले तर रफलर येईल. तेव्हा त्याच कापडाची मीटरभर पट्टी त्यातून काढायची, तयार झालर मोजायची, आणि त्या मापावरून लागणारं कापड काढूनच मोठी पट्टी कापायची.